तेरवड्याचा आकडा

पंचगंगेच्या काठच्या गावांना पुराचा धोका किती, हे एका आकड्यात सांगायचं काम संयोगिता चौगलेकडं आलं, तेव्हा तिला ते सोपं वाटलं होतं. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. हाताशी जनगणनेची आकडेवारी होती, डोक्यावर विभागप्रमुख मगदूम सर होते, आणि साल होतं दोन हजार चार. त्या पावसाळ्यात नदी मुकाट वाहून गेली होती, त्यामुळं सगळ्यांनाच भीतीबद्दल निवांत बोलता येत होतं.

धोका म्हणजे काही भाताचं पोतं नव्हे, की ठेवलं काट्यावर आणि झालं वजन. तो दहा ठिकाणी विखुरलेला असतो. गाव नदीपासून किती उंचावर आहे, घरं मातीची की सिमेंटची, म्हातारीकोतारी किती, रस्ता पाण्याखाली जातो का, फोन किती, ट्रॅक्टर किती. यातलं काही फुटात मोजतात, काही डोक्यांनी. फुटात डोकी मिळवायची कशी? मगदूम सरांनी त्यावर पुस्तकातला उपाय काढला. एखादी गोष्ट ज्या गावात सगळ्यात कमी, त्याला शून्य गुण. ज्या गावात सगळ्यात जास्त, त्याला शंभर. बाकीची गावं मधे आपापल्या जागी. मग फूटही राहत नाहीत आणि डोकीही राहत नाहीत, नुसते गुण राहतात, आणि गुणांची बेरीज-वजाबाकी शाळेतलं पोरही करतं.

मात्र त्याआधी दोन भांडणं व्हावी लागतात. पहिलं भांडण, कुठल्या गोष्टीला वजन किती द्यायचं याचं. ते झकास झालं. उंचीला जास्त की रस्त्याला जास्त, यावरून कित्येक दुपारी गेल्या, भडंगाचे पुडे संपले, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं वजन लागलं. दुसरं भांडण मात्र झालंच नाही, आणि घात तिथंच झाला.

फळ्यावर दोन रकाने आखले होते. धोका वाढवणाऱ्या गोष्टी डावीकडं, घटवणाऱ्या उजवीकडं. डावीकडच्यांचे गुण मिळवायचे, उजवीकडच्यांचे वजा करायचे. मातीची घरं डावीकडं गेली, पक्का रस्ता उजवीकडं गेला. दुभत्या म्हशींची पाळी आली तेव्हा संयोगितानं कुणाला न विचारता खडू उजवीकडं नेला. ज्याच्या दावणीला म्हशी त्याच्या घरात दुधाचा पैसा, आणि ज्याच्या घरात पैसा तो संकटातून निभावतो, असा तो सरळ हिशेब. टेबलाभोवती बसलेल्या सहकाऱ्यांपैकी एकानंही हूं की चूं केलं नाही. करतील कशी? सगळी म्हशीच्या धारोष्ण दुधावर पोसलेली, दिवाळीच्या पाडव्याला म्हशीची शिंगं रंगवून तिला गल्लोगल्ली मिरवणारी माणसं. म्हैस धोक्याच्या रकान्यात बसवायची कुणाची टाप होती?

तेरवडे हे संयोगिताचं गाव. नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाण्याच्या मिठीत बसलेलं. उंचीच्या हिशेबात ते जवळजवळ तळाला होतं, पण घरं सिमेंटची, दारोदार फोन, ट्रॅक्टर भरपूर, आणि म्हशी तर साऱ्या तालुक्यात सगळ्यात जास्त. उजव्या रकान्यानं डावा रकाना पार खाऊन टाकला. यादी लागली तेव्हा तेरवडे खालून दुसरं आलं, म्हणजे अगदी सुरक्षित. संयोगिताला क्षणभर खटकलं. लहानपणी मारुतीच्या देवळात शिरलेलं पाणी तिनं स्वतः पाहिलं होतं. पण आपलं गाव चांगलं निघालं तर कुणाला वाईट वाटतं? तिनं त्याच दिवशी दूध संस्थेत फोन लावून वडलांना सांगितलं.

पिराजी चौगल्यांनी आयुष्यात मोजलं ते दूध आणि फॅट. पण पोरीचा आकडा त्यांनी असा काही उचलला, की विचारू नका. डेअरीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, मयताच्या बैठकीतसुद्धा. "माझ्या संयूनं गणित घालून काढलंय, आपल्या गावाला धोका न्हाय." ऐकणारा हसला की ते चिडायचे, आणि पिराजी चिडले की समोरचा पटकन हो म्हणून मोकळा व्हायचा. अशा रीतीनं तो आकडा वर्षभरात गावच्या अंगवळणी पडला.

दोन हजार पाचच्या जुलैत पाऊस लागला तो उघडायचं नावच घेईना. धरणाची दारं उघडली, नदी पात्र सोडून उसात शिरली, शहराच्या सखल गल्ल्यांत गुडघाभर पाणी झालं. मदतीच्या कामासाठी जिल्हा कचेरीत एक खोली उघडली होती. तिथं एक साहेब, मगदूम सर, संयोगिता, दोन बिनतारी यंत्रं आणि भिंतीवर तिची यादी. मोटारबोटी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळं यादीत जे गाव वर, तिकडं बोट आधी. आपण आखलेला कागद खरोखरच माणसं वाचवतोय हे बघून संयोगिताला पहिल्या दिवशी अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गावच्या दूध संस्थेत फोन लावला.

"आबा, पाणी कुठवर आलंय?"

"मारुतीच्या पायऱ्या बुडाल्या बघ. रस्ताबी गेला मगाशी." पिराजींचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. "त्यात काय, उतरंल की."

"रस्ता गेला? मग तुम्ही आधीच का निघाला नाही?"

"आता गं! तूच म्हणालीस की, धोका न्हाय म्हणून. गावात कोण हाललं न्हाय बघ. काल आकारामतात्या निघालता, गाडी जुंपून, म्हस मागं बांधून, शालूवैनीला वर बसवून. म्या वेशीत गाठला त्याला. म्हणलं, तात्या, माझी पोर कॉलेजात शिकवती, ती काय खोटं सांगंल व्हय? मागारी फिरवला. बिचाऱ्याची गाभण म्हस उगंच चिखलात तुडवत निघाली असती."

आकाराम आणि शालूबाई म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, अगदी नदीकडंला राहणारं म्हातारं जोडपं. पोरबाळ नाही. संयोगिता लहानपणी त्यांच्याच परड्यात चिंचा पाडायला जायची.

"आबा, ऐका माझं. आईला घ्या आणि उंचावर जा. आत्ता."

"आणि म्हसरं? ती काय पिशवीत घालून नेऊ?" पिराजी हसले. मग हसू थांबलं, आणि जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "संयू, आकडा बरोबर हाय न्हवं?"

ती काही बोलायच्या आत फोन बंद पडला. पुन्हा लावला, लागला नाही. दूध संस्थेच्या फोनची तार खाली जोत्याजवळून येते हे तिला माहीत होतं. तिथवर पाणी पोचलं असणार.

तेवढ्यात ज्ञानू आत आला. ज्ञानू नदीवरचा मासेमार, बोट चालवायला बोलावलेला, अंगानं आडवा आणि तोंडानं फटकळ. यादीत सगळ्यात वर असलेल्या भट्टीवस्तीवर त्याला सकाळीच पाठवलं होतं. वीटभट्टीवर राबणाऱ्या लोकांची ती वस्ती. मातीची घरं, फोन नाही, गाडी नाही, दावणीला काही नाही.

"साहेब, तिथं माणूस न्हाय," ज्ञानू म्हणाला. "सगळ्या झोपड्यांस्नी कड्या. परवाच डोक्यावर बोचकी घिऊन हायवेच्या शाळेत जाऊन बसल्यात ती. म्या मोकळी बोट घिऊन फिरून आलोय. दुसऱ्या नंबरच्या वाडीवरबी तीच तऱ्हा."

साहेबांनी तिसऱ्या गावावर बोट ठेवलं. संयोगिता मात्र भिंतीकडं बघत राहिली. शाळेत पोचलेल्या लोकांची मोजदाद तिच्यासमोरच होती. ज्यांच्याकडं काही नव्हतं ती सगळी निघून आली होती. आणि दुधाच्या गावांतून? तेरवड्यातून एक माणूस नाही. शेजारच्या जांभूळवाडीतून एक माणूस नाही. म्हैस डोक्यावर घेता येत नाही. म्हैस सोडून गडी हलत नाही, गडी सोडून बाई हलत नाही, आणि बाई सोडून पोरं हलत नाहीत. पैसा देणारी म्हैस पूर आला की माणसाला दाव्यानं बांधून ठेवते. हे तिला कळायला पुस्तक नको होतं. ती गोठ्यातच वाढली होती. लहानपणी आईला ताप भरला तरी आबा धारा काढल्याशिवाय डॉक्टरला बोलवायला गेले नव्हते. सगळं ठाऊक असून तिचा खडू उजवीकडं गेला होता.

तिनं कागद ओढला. म्हशी उजव्या रकान्यातून काढून डाव्यात घातल्या आणि पुन्हा बेरीज मांडली. तेरवडे सगळ्यात वर आलं. त्याखाली जांभूळवाडी.

आता खरं तर उठून ओरडायचं. पण ती उठली नाही. तिला दुसरीच भीती वाटली, आणि त्या भीतीची तिला किळसही आली. यादी चुकली असं म्हणायचं म्हणजे वर्षभराचं काम पाण्यात, नोकरी पक्की व्हायची ती लटकली, आणि वर सगळे म्हणणार, बाईनं स्वतःच्या गावाला बोट ओढली. चहा आला. तो निवेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग आबांचा तो खालचा आवाज कानात आला आणि ती ताडकन उठली.

"सर, यादी चुकलीय."

मगदूम सरांनी कागद बघितला, चष्मा वर केला. "भर पुरात रकाने बदलायचे नसतात, बाई. आणि बदलले तर नेमकं तुमचंच गाव कसं हो वर आलं?"

"माझंच गाव आहे म्हणून कळलं, सर. माझ्यावर विश्वास ठेवू नका. जांभूळवाडीला विचारा. तिथं माझं कुणी नाही. किती माणसं बाहेर पडली, एवढंच विचारा."

साहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. जांभूळवाडीच्या सरपंचाकडं मोबाइल होता, त्याचा नंबर शोधून त्यांनी लावला. सरपंचाचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला.

"कोण जातंय साहेब? म्हसरं हाईत की! दावणीत मांडीएवढं पाणी हाय, सगळी गडीमाणसं गोठ्यात हुबी हाईत. तुमची बोट येणार हाय का न्हाय? बायका रडाय लागल्यात हिकडं."

साहेबांनी फोन ठेवला आणि भिंतीवरची यादी स्वतःच्या हातानं उतरवली. एक बोट जांभूळवाडीला, एक तेरवड्याला. मगदूम सर खिडकीबाहेर बघत राहिले. म्हशींच्या वेळी आपणही गप्प बसलो होतो, हे बहुधा त्यांनाही आठवलं असावं.

संयोगिता ज्ञानूच्या बोटीत बसली. तो नको म्हणत होता, पण गावाच्या गल्ल्या मला पाठ आहेत म्हटल्यावर त्यानं सरकून जागा दिली. बोट उसाच्या शेंड्यांवरून निघाली. खाली तुंबलेलं तांबडं पाणी, वर पाऊस, आणि जिथं रस्ता असायला हवा तिथं नुसती विजेच्या खांबांची रांग. वाहत आलेली एक पेंडीची वेताची बुट्टी बोटीला आपटली आणि संयोगिता केवढ्यानं तरी दचकली. आई दिसेल का? आबा दिसतील का? आकारामतात्याचं घर तर सगळ्यात खाली. तिनं देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नाव फुटेना.

तेरवड्यात शिरताना आधी म्हशींचं रेकणं ऐकू आलं. सारं गाव रेकत होतं. गच्च्यांवर बायका आणि पोरं, आणि खाली गोठ्या-गोठ्यांत छातीभर पाण्यात उभे असलेले गडी, म्हशींची मुंडकी वर धरून. पिराजी त्यातच होते. तिची आई बनाबाई वर गच्चीच्या कठड्याला धरून ओरडत होत्या. "संयू, ह्यास्नी सांग गं! माझं ऐकंनात ते."

"आबा, दावी सोडा," संयोगिता बोटीतून ओरडली. "म्हसरं पोहतील. तुम्ही बोटीत या."

"सोडून कशी देऊ? जन्माची कमाई हाय ती." पिराजींचे ओठ थंडीनं निळे पडले होते. "पाणी उतरंल. तुझा आकडा..."

"आकडा चुकलाय, आबा! माझा चुकलाय. आपलं गाव सगळ्यात धोक्यात आहे."

आजूबाजूच्या गोठ्यांतली माणसं वळून बघायला लागली. पिराजी तिच्याकडं असे बघत होते, जणू पोरीला पहिल्यांदाच बघतायत. पुराला ते भ्याले नव्हते, पण आता मात्र भ्याले. गावातल्या प्रत्येक दारात जाऊन त्यांनी काय काय सांगितलं होतं, ते सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"चुकला?" ते म्हणाले. "आगं, म्या समद्यास्नी थांबवून धरलंय की."

मग त्यांनी खाली वाकून, पाण्यात बुडी मारून, पहिलं दावं सोडलं. म्हैस क्षणभर उभीच राहिली. त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि ती नाकपुड्या वर काढून पोहत बाहेर पडली. ते बघून शेजारचा वाकला, मग पलीकडचा. काही जण रडत रडत सोडत होते. एकदा दावं सुटलं की माणूसही सुटत होता, आणि मुकाट्यानं गच्चीकडं किंवा बोटीकडं सरकत होता.

"बोटीत आधी आमी न्हाय," पिराजींनी बजावलं. "खालच्या आळीला जा. आकारामतात्याकडं जा आधी. पळ!"

खालच्या आळीत गल्ली उरलीच नव्हती. नुसत्या कौलांच्या ओळी पाण्यातून वर आलेल्या. आकारामच्या घराच्या कौलांवर शालूबाई पोटावर पडून आढं घट्ट धरून होत्या. ज्ञानूनं बोट भिडवली आणि संयोगितानं त्यांना ओढून घेतलं. म्हातारीचं अंग बर्फासारखं गार होतं.

"काकी, तात्या कुठायत?"

शालूबाईंनी परड्याकडं हात केला. तिथं गोठ्याचा पत्रा असायचा. आता तिथं पाणी गरगर फिरत होतं. "म्हस गाभण हाय म्हणाले. दावं सोडून येतो म्हणाले आणि उतरले. म्हस गेली पोहत. म्या बगिटली. ह्यास्नी मातूर वर आलेलं बगिटलं न्हाय."

ज्ञानूनं बोट गोठ्यावरून दोनदा फिरवली. बांबू खाली घातला, तो नुसताच आत गेला. "ताई, धार लई हाय," तो म्हणाला, आणि त्यानं बांबू वर ओढला. गच्च्यांवर लोक वाट बघत होते. बोट वळवावी लागली.

दिवस मावळायच्या आत बाकीचं गाव बाहेर निघालं. साहेबांनी आणखी बोटी पाठवल्या होत्या. हायवेच्या शाळेत, भट्टीवस्तीची माणसं सरकून बसली आणि तेरवडेकरांना जागा झाली. बनाबाईंना ताप भरला होता. पिराजी भिंतीला टेकून बसले होते, कुणाच्या नजरेला नजर न देता. संयोगिता त्यांच्याशेजारी बसली, पण त्यांनी तिच्याकडंही बघितलं नाही.

पाणी उतरायला लागलं त्या सकाळी शालूबाई उठून पिराजींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुमी ह्यास्नी येशीतनं मागारी फिरवलं तवा गाडीत माझं बोचकं हुतं, ह्यांचं हुतं, आणि म्हस मागनं येत हुती. आमी निघालतो. तुमच्या पोरीच्या त्या आकड्यात आमी दोघं कुठं बसलो हुतो?"

संयोगिता उभी राहिली. तिला खोलीतल्या प्रत्येकाची भीती वाटत होती, आणि सगळ्यात जास्त या एवढ्याशा म्हातारीची.

"काकी, आबांचं काही चुकलं नाही. त्यांनी मी सांगितलं तेच सांगितलं. म्हशी आहेत म्हणून गाव तरेल असं मी धरलं. तुम्ही दोघं त्यात नव्हताच. मी तुमचा विचारच केला नाही."

ती शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. शालूबाईंनी पदर खोचला आणि तिचं मनगट धरलं.

"चल," त्या म्हणाल्या. "गोठ्यातलं पाणी उतरलं असंल आता. गाळात बगाय पायजे, आणि मला एकटीला आत जायाचं भ्या वाटतंय."

संयोगितानं दाराबाहेर पाऊल टाकलं. म्हातारीची पकड सैल होत नव्हती.